आधी सूर कळला, मग रंग

देवळाली प्रवरेत राहून अमूर्त चित्रं काढतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यात आहे काय?" विचारणारी माणसं आपलीच असतात. आळीतली, शाळेतली, सप्ताहात मांडीला मांडी लावून बसणारी. त्यांच्या प्रश्नात खोच नसते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. मुलांना चित्रकला शिकवता शिकवता आणि घरी कॅनव्हासवर काम करता करता रंगांबद्दल मला जे उमगलं, त्यातलं बरंचसं गाणं ऐकताना उमगलं. ते इथे क्रमाने मांडतो. रंग हाती घेतलेल्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा आणि ज्यांनी कधी ब्रश धरला नाही त्यांनाही अशा चित्रासमोर परकं वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

१. जे ऐकता येतं, ते पाहताही येतं

सप्ताहात कीर्तन रंगात आलं की बुवा क्षणभर थांबतात आणि पखवाजवाल्याला मोकळं सोडतात. टाळकरी नुसता ठेका धरून राहतात, बोलांवर बोल पडत जातात आणि समेवर थाप आली की अख्खा मंडप मान हलवतो. त्या बोलांचा अर्थ कोणी विचारत नाही. एखाद्या गायकाने आलाप घेतला तर त्यात एकही शब्द नसतो, तरी ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. म्हणजे अर्थ न सांगणाऱ्या रचनेत रमण्याची ताकद आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

चित्राच्या बाबतीत मात्र लहानपणापासून ओळखण्याची सवय लागते. हा आंबा, हे घर, हा डोंगरामागून उगवणारा सूर्य. एकदा ओळख पटली की डोळा पुढे जातो आणि पाहणं तिथेच संपतं. अमूर्त चित्रासमोर उभं राहताना ही ओळख परेड थांबवा. रंग कुठून सुरू होतो, कुठे चढतो, कुठे विसावतो, एवढंच आलाप ऐकल्यासारखं बघा. "यात आहे काय" या प्रश्नाचं उत्तर मी आता असंच देतो : "पखवाज ऐकता ना, तसं बघा." बहुतेकांना ते पटतं, कारण ऐकण्याचा अनुभव त्यांच्यापाशी आधीच असतो.

२. आधी षड्ज लावा

सप्ताह सुरू झाला की वीणा खाली ठेवत नाहीत. पहारेकरी बदलतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भजन, कीर्तन, पारायण काहीही चालू असो, तिचा झंकार चालूच राहतो. मैफलीत हे काम तानपुरा करतो. षड्ज कानात पक्का नसेल तर पुढचा ऋषभ कोमल की शुद्ध हे ठरवताच येत नाही. प्रत्येक स्वराची ओळख षड्जापासूनच्या अंतरावर उभी असते.

चित्रात हे काम बेसचा रंग करतो. वासुदेव गायतोंडे यांची चित्रं पाहा. मूळचं घराणं गोव्याचं, जन्म १९२४ साली नागपूरचा, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा. त्यांच्या उत्तरकाळातल्या मोठ्या कॅनव्हासवर बहुतेक वेळा एकाच रंगाचं राज्य असतं. पिवळा असो, राखी असो की गर्द लाल, तो काठापासून काठापर्यंत भरून राहतो आणि त्यात काही गडद, काही उजळ आकार तरंगताना दिसतात. बेसचा तो रंग काढून टाकला तर आकार निराधार होतील. म्हणून कॅनव्हासवर पहिला हात देतानाच ठरवा की यातला षड्ज कोणता. पुढचा प्रत्येक रंग त्याच्याशी जुळवूनच लावायचा आहे.

३. रंगाला शेजार असतो

वर्गात मी एक प्रयोग करून घेतो. राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन एकाच तुकड्यातून कापायचे. एक भडक लाल कागदावर ठेवायचा, दुसरा हिरव्यावर. थोडा वेळ टक लावून पाहिलं की लालवरचा राखाडी हिरवट दिसू लागतो आणि हिरव्यावरचा लालसर. मुलं हटून बसतात की कागद वेगळे आहेत. मग दोन्ही चौकोन उचलून शेजारी शेजारी ठेवले की वर्ग गप्प होतो.

पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न आला होता. काळ्या लोकरीचा रंग मरगळलेला दिसतो अशी तक्रार होती. शोध घेता घेता त्याच्या लक्षात आलं की दोष रंगाईत नव्हता, काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगात होता. १८३९ साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो जवळ केला. गाणाऱ्यांना ही गोष्ट केव्हाची ठाऊक आहे. एकच गंधार, पण यमनात तो निषादाकडून येतो तेव्हा वेगळा लागतो आणि भूपात धैवत-पंचमावरून उतरतो तेव्हा वेगळा. म्हणून रंग बिघडलाय असं वाटलं तर लगेच तो खरवडू नका. आधी त्याचा शेजारी बदलून पाहा.

४. काय घ्यायचं नाही, ते आधी ठरवा

भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. मालकंसात ऋषभ आणि पंचम नाहीत. पाच स्वरांत गवई रात्र उजळवतो आणि ऐकणाऱ्याला कसलीच उणीव भासत नाही. उलट वर्ज्य स्वर चुकून लागला तर अख्खी बैठक दचकते.

रंगांची पेटी उघडली की सगळे रंग हाका मारतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या मुलांना मी सांगतो, सरावाच्या कागदावर आधी वर्ज्य रंगांची यादी लिहा. या चित्रात हिरवा येणार नाही, शुद्ध लाल येणार नाही, असं लिहून टाका. उरलेल्या तीन-चार रंगांतून हिरव्याची गरज भागवावी लागते. मग यलो ऑकर आणि काळा मिसळून जो शेवाळी रंग तयार होतो, तो ट्यूबमधल्या हिरव्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो, कारण तो त्या चित्रातल्याच रंगांतून जन्मलेला असतो. वर्ज्य ठरवलं की चित्राला स्वभाव येतो.

५. स्वर तेच, राग वेगळा

भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखे. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भार कोणावर पडतो एवढ्यानेच एक संध्याकाळचा होतो, दुसरा सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट तर त्याहून शिकवणारं आहे. तिघांतही कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि तिघांतही पंचम नाही. पण पूरिया मंद्रात खुलतो, सोहनी तार सप्तकात झेपावते.

चित्रातलं सप्तक म्हणजे फिकट-गडदपणा. तोच निळा पांढऱ्याच्या जवळ नेला की तार सप्तकात जातो, काळ्याच्या जवळ नेला की मंद्रात उतरतो. रंग निवडण्यापेक्षा हे ठरवणं अवघड आहे आणि चित्र उभं राहतं ते याच्याच जोरावर. पाहण्याची सोपी रीत सांगतो. चित्रापासून लांब जाऊन डोळे किलकिले करा, किंवा मोबाइलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. रंग गेल्यावरही रचना टिकली तर पाया भक्कम आहे. सगळं एकसारखं राखाडी झालं तर रंग कितीही देखणे असोत, चित्र एकाच सप्तकात अडकलं आहे. मग नवा रंग आणू नका. आहेत त्यांचाच भार बदला : एकाला वादी करा, दुसऱ्याला मागे न्या.

६. कोष्टकं जाणून घ्या, पण घोकू नका

स्वर आणि रंग यांचं नातं माणसाला फार पूर्वीपासून खुणावत आलं आहे. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे : शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा. आपल्याजवळच्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात सातही स्वरांचे रंग नोंदवले आहेत. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेकरंगी. तिकडे न्यूटनने प्रकाशाच्या पट्ट्याचे सात भाग पाडले ते सप्तकाशी मेळ घालूनच.

पण ही कोष्टकं एकमेकांशी जुळत नाहीत. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन हे दोघेही रशियन संगीतकार, दोघांनाही सुरांत रंग दिसत. तरी 'सी मेजर' एकाला पांढरी दिसे, दुसऱ्याला लाल. चित्रकार कांडिन्स्कीला फिकट निळ्यात बासरी ऐकू येई आणि गडद निळ्यात चेलो. त्याच्या कोष्टकापेक्षा त्याचं एक चित्र मला जास्त शिकवून गेलं. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकून आल्यावर लगेच त्याने ते रंगवलं. वर पियानोचा काळा आकार, खाली श्रोत्यांची गर्दी आणि उजवीकडून सगळ्यांवर लोटत आलेला पिवळ्याचा प्रचंड लोंढा. त्या पिवळ्याचा अमुक एक स्वर नाही. काळ्याला तो ज्या जोराने भिडतो, त्यात मैफल ऐकू येते. सूर आणि रंग यांचं नातं अंतरात, भारात आणि चढउतारात आहे. लाल म्हणजे सा, असं पाठ करून ते हाती लागत नाही.

७. आपल्या नगरचा वारसा विसरू नका

अमूर्त चित्रकला परदेशातून आली म्हणून ती आपली नाही, असं अनेकांना वाटतं. नगर जिल्ह्याला, आता अहिल्यानगरला, असं वाटण्याचं कारण नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये रागमाला चित्रं रंगवली गेली. त्यांतल्या सर्वांत जुन्या आणि देखण्या काही चित्रांचा संबंध अभ्यासक अहमदनगरच्या निजामशाहीशी किंवा उत्तर दख्खनशी जोडतात. हिंदोल रागाचं झोपाळ्याचं चित्र त्यांतलंच.

रागमालेत माणसं आहेत, झाडं आहेत, महाल आहेत. पण आकृत्यांवरून नजर काढून फक्त मागचे सपाट, भरीव रंग पाहा. त्यांत आकाश किंवा भिंत हुबेहूब दाखवण्याची धडपड नाही. रागाचा भाव त्या रंगाने तोलून धरला आहे. राग डोळ्यांना दिसू शकतो हे आपल्या भागातल्या चित्रकारांनी चारशे वर्षांपूर्वी मानलं होतं. आजच्या अमूर्त चित्रकाराने त्यातल्या आकृत्या बाजूला केल्या आणि रंग तेवढा ठेवला. वाट जुनीच आहे.

८. थराला वेळ द्या, जागा मोकळी सोडा

किराणा घराण्याचा गायक विलंबितात एकेका स्वराने बढत करतो. गंधारावर मुक्काम पुरता झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. तैलरंगही असाच वेळ मागतो. जवसाच्या तेलातला थर वरून सुकल्यासारखा वाटतो, पण आत ओला असतो. त्याच्यावर घाईने दुसरा थर दिला तर दोन्ही गढूळ होतात.

गायतोंडे ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. पातळ थर द्यायचा, तो खरवडायचा, ओल्या रंगावर फाटक्या कागदाचे तुकडे ठेवून रंग उचलायचा, पुन्हा थर द्यायचा. त्यामुळे त्यांच्या चित्रातला उजेड आतून आल्यासारखा वाटतो. वर्षाकाठी मोजकीच चित्रं ते करत. काम सुरू करण्याआधी बराच काळ नुसते बसून राहत. प्रभाकर कोलते यांच्या कॅनव्हासवर खाली अनेक रंग असतात, मग एक प्रमुख रंग त्यांना झाकतो आणि मधल्या फटींतून खालचे रंग डोकावतात. झाकलेलं सगळं ऐकू येत राहतं, मुख्य स्वराखाली तानपुऱ्याच्या तारा वाजत राहाव्यात तसं.

मोकळी सोडलेली जागाही अशीच भरलेली असते. गवई तान संपवून थांबतो तेव्हा तानपुरा चालूच असतो, म्हणून ती शांतता पोकळ वाटत नाही. चित्रातला कोरा भाग पोकळ वाटला तर त्यात काही भरायला जाऊ नका. त्याच्याखाली बेसचा रंग नीट लागला आहे का, ते तपासा.

९. शेत रंगवू नका, शेताचा रंग घ्या

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी या मुलखाला पाणी दिलं, पाण्याने ऊस दिला. आमच्या डोळ्यांचे रंग त्या पाण्याने ठरवले आहेत. आवर्तन सुटलं की बांधावर उभं राहून मी एकच गोष्ट पाहतो. सरीतून पाणी पुढे सरकत असतं. त्याच्यापुढे कोरडी जमीन, राखट तपकिरी, भेगाळलेली. मागे भिजलेली माती, काळीभोर, किंचित निळसर. दोन्हींच्या मध्ये सरकणारी पाण्याची कड, आणि तिच्यावर आकाशाचा एक लखलखीत पांढरा तुकडा. ढेकूळ भिजतं तेव्हा आधी त्याचा पायथा काळा होतो, मग तो काळेपणा वर चढतो आणि माथ्यावर थोडा वेळ राखट टोपी राहते. पाणी जिरलं की चकाकी जाते. वाफसा येईपर्यंत तो काळा रोज थोडाथोडा राखी होत जातो.

हे दृश्य हुबेहूब काढलं तर ते शेताचं चित्र होईल, आणि तेही चांगलंच आहे. पण मला हवा असतो तो एका काळ्याचा राखीपर्यंतचा प्रवास आणि मधली ती पांढरी रेघ. कोमल ऋषभावरून षड्जाला येताना सूर मध्ये जिथे जिथे घासत येतो, त्या सगळ्या जागा त्या प्रवासात आहेत. तुमच्या गावात कालवा नसेल, समुद्र असेल, गिरणीची भिंत असेल. तिथे उभं राहा आणि रंग कसा बदलत जातो तेवढंच टिपा. वहीत वस्तूचं नाव लिहू नका, रंगांचा क्रम लिहा.

१०. मूळ चित्रासमोर उभे राहा आणि गाणं ऐकत राहा

मोबाइलच्या पडद्यावर अमूर्त चित्र कळत नाही. थर दिसत नाहीत, पोत दिसत नाही, माणसाच्या उंचीएवढ्या रंगासमोर उभं राहण्याचा अनुभव बोटभर चित्रात मावत नाही. मुंबईला काळा घोडा भागात १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी लघुचित्रं आहेत. एका दिवसात तिन्ही होतात.

आणि गाणं सोडू नका. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंड्यांचा स्टुडिओ होता, त्याच वास्तूत रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळाही होती. ज्या पॉल क्लेच्या चित्रांनी गायतोंडे आणि कोलते दोघांनाही ओढून घेतलं, तो उत्तम व्हायोलिन वाजवत असे. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले आपले मोहन सामंत चित्रांइतक्याच निष्ठेने सारंगीचा रियाज करत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जग त्या चित्रांपुढे शांत उभं राहिलं. त्या शांततेत उभं राहण्याची तयारी आपल्याकडे भजनाच्या मंडपात लहानपणापासून होत असते.

म्हणून राहुरी तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या सगळ्या चित्रकला शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातला चित्रकलेचा एक तास विषयाविना ठेवा. वर्गात भूप किंवा मारवा लावा, मुलांना चार रंग द्या आणि कागद भरू द्या. कागद भरल्यावर "हे काय काढलंस" असं विचारू नका. "यात सर्वांत मोठ्याने कोणता रंग वाजतोय" असं विचारा. मुलं अचूक उत्तर देतात.